पाय कुठंय?

"चप्पल पायातनं कधी निसटली ते कळलंच नाही मॅडम, घरी येऊन बघतोय तर एकाच पायात." फिजिओथेरपीच्या कामात हे वाक्य कायम कानावर येतं, पण मेन तक्रार म्हणून कधीच येत नाही. आधी कंबर, मग गुडघा, मग पायाला मुंग्या, आणि सगळं सांगून झाल्यावर उठता उठता, जरा ओशाळून, हे सांगतात. सोबत आलेला मुलगा किंवा सून लगेच म्हणते, अहो त्यांचं लक्षच नसतं कुठे. मी मात्र तिथेच पेशंटला परत बसवते, कारण लक्ष नसणं वेगळं आणि पायाकडून खबरच न येणं वेगळं, आणि या दुसऱ्या गोष्टीबद्दल आपल्याकडे कुणी फारसं बोलत नाही म्हणून आज बसून लिहितेय.

आता हे वाचताना तुमचं कोपर किती वाकलंय, मान कुठल्या बाजूला झुकलीय, डावा पाय मांडीखाली आहे का खाली लोंबतोय, हे न बघता सांगता येईल तुम्हाला. जेवताना लाईट गेले तरी घास बरोबर तोंडात जातो. पाठीमागे हात नेऊन परकराची नाडी बांधता येते, वेणीचे तीन पेड घालता येतात, पोळी लाटताना गप्पा मारता येतात. शाळेत आपण डोळे, कान, नाक, जीभ, त्वचा अशी पाच ज्ञानेंद्रियं पाठ केली आणि हे सहावं, जे खरंतर दिवसभर एक सेकंदही सुट्टी घेत नाही, ते राहूनच गेलं. चार्ल्स शेरिंग्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०६ साली याला प्रोप्रिओसेप्शन म्हटलं, म्हणजे शरीराला आपल्या स्वतःच्या अवयवांची, त्यांच्या जागेची आणि हालचालीची असलेली जाण. त्याला पुढे १९३२ साली नोबेल मिळालं, मज्जापेशींवरच्या कामाबद्दल.

ही जाण येते कुठून? आपल्या स्नायूंच्या आत, मांसाच्या तंतूंच्या मधे, काही मिलिमीटर लांबीच्या बारीक बारीक चात्या असतात, इंग्रजीत त्यांना मसल स्पिंडल म्हणतात. प्रत्येकीत अगदी छोटे खास तंतू आणि त्यांच्याभोवती नसेचं टोक वेटोळं घालून बसलेलं. स्नायू ताणला की ते वेटोळं ताणतं आणि नस लगेच वर कळवते, किती ताणलं आणि किती वेगाने ताणलं, दोन्ही. ही नस शरीरातल्या सगळ्यात वेगवान नसांपैकी एक, सेकंदाला साधारण १०० मीटर वेगाने खबर नेते. स्नायू जिथे हाडाला जोडला जातो तिथल्या दोरीसारख्या भागात, म्हणजे टेंडनमध्ये, वेगळे सेन्सर असतात, कॅमिलो गॉल्जी या इटालियन डॉक्टरच्या नावाचे, ते ताकद किती लागतेय ते सांगतात. त्यात सांधे आणि कातडीकडून येणारी माहिती मिळवायची. मानेच्या खोल स्नायूंत आणि हाताच्या छोट्या स्नायूंत स्पिंडल फार दाट असतात, म्हणून तर सुईत दोरा ओवणं जमतं. (कानातल्या तोलाच्या नळ्या वेगळ्या बरं का, फुगडी थांबली तरी घर फिरत राहतं ते त्यांच्यामुळे. डोकं कसं आहे ते कान सांगतो, पण पाय कुठे आहे ते पायानेच कळवावं लागतं.)

मला यातला सगळ्यात आवडता भाग म्हणजे त्या स्पिंडलला मेंदूकडून उलटीही एक तार येते. स्नायू आखडला की आतलं वेटोळं सैल पडून मुकं होईल, म्हणून मेंदू हालचालीचा हुकूम सोडताना सोबतच स्पिंडललाही जरा आवळून घे म्हणून सांगतो. म्हणजे सेन्सर नुसता बसून ऐकत नाही, प्रत्येक हालचालीगणिक त्याचं ट्युनिंग चालू असतं. मेंदू आधीच अंदाज बांधून ठेवतो की पाऊल अमुक वेळात जमिनीला लागेल, आणि आलेली खबर त्या अंदाजाशी ताडून बघतो. जिन्यात अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकला आणि सपाट जमीन लागली की सबंध अंगाला जो दणका बसतो ना, तो अंदाज आणि खबर न जुळल्याचा.

बरीच वर्षं पुस्तकांत असं होतं की ही जाण मुख्यतः सांध्यांतून येते. मग १९७२ साली गुडविन, मॅकक्लॉस्की आणि मॅथ्यूज या तिघांनी साधा प्रयोग केला, डोळे बांधलेल्या माणसाच्या दंडाच्या टेंडनवर व्हायब्रेटर धरला, सेकंदाला १०० च्या आसपास कंपनं. हात होता त्यापेक्षा जास्त सरळ झालाय असं त्या माणसाला वाटायला लागलं, कारण कंपनांमुळे स्पिंडल ओरडत होते की स्नायू ताणला जातोय. आम्ही कॉलेजात असताना हे एकमेकींवर करून बघायचो, एका हाताला व्हायब्रेटर आणि दुसऱ्या हाताने दाखवायचं की पहिला कुठे आहे. दुसरा हात छान सरळ होत जायचा आणि पहिला तिथेच वाकलेला! डोळे उघडल्यावर मैत्रिणीचा चेहरा बघण्यासारखा असायचा. स्वतःच्या हाताबद्दल आपल्याला जे ठामपणे 'माहीत' असतं ते सुद्धा काही नसांनी पाठवलेल्या खबरीवर उभं आहे, हे मला पुस्तकातून नाही, त्या लॅबमधल्या लाकडी स्टुलावर कळलं.

खरंतर त्याच्याही आधी मल्लखांबावर कळलं असणार, फक्त तेव्हा नाव माहीत नव्हतं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ज्याला नवं रूप दिलं तो आपला मल्लखांब, म्हणजे या जाणिवेची शाळाच आहे. एरंडेल लावलेला लाकडी खांब, मांड्यांनी अढी घातलेली, डोकं खाली, पाय वर. आता या अवस्थेत नव्या पोराला म्हणा गुडघे सरळ कर. पोरगं सांगतं, सरळच आहेत सर! आणि गुडघे चांगले वाकलेले असतात. खोटं बोलत नसतं ते, त्याला खरंच सरळ वाटत असतात, कारण उलट्या अंगाची खबर वाचायची मेंदूला अजून सवय नसते. मग सर येऊन नुसतं दोन बोटांनी गुडघा मागे दाबतात, "हे सरळ. हे लक्षात ठेव." परत अढी, परत दोन बोटं. काही महिन्यांनी तेच पोरगं दसरंग नावाचा खांबावरचा प्रकार करताना डोकं कुठे, खांब कुठे, जमीन किती खाली याचा विचारही करत नाही. पालकांना वाटतं ताकद आली. ताकद येतेच, पण त्याच्या जोडीला दुसरंही काही आलेलं असतं, आणि माझ्या मते मुलाला मैदानावर पाठवण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच आहे, मेडल वगैरे नंतर.

आता एका काकांबद्दल सांगते. एसटीत ड्रायव्हर होते, सगळी नोकरी घाटांत गेली, महाबळेश्वरवरून आंबेनळी उतरून पोलादपूर, कुंभार्ली उतरून चिपळूण. शुगर बरीच वर्षं. रात्री बाथरूमला जाताना पॅसेजमध्ये पडले म्हणून मुलगा घेऊन आला, आणि खुर्चीत बसवता बसवता त्याचं चालूच होतं, किती वेळा सांगितलं बाबा बघून चाला, बघून चाला. काकू बारीक आवाजात म्हणाल्या, "अवो खाली बघूनच चालतात ते. मान वर करत नाहीत. परवा जाऊबाई समोरनं आल्या तर यांना दिसल्या नाहीत." मुलगा गप्प झाला. काकूंनी एका वाक्यात डायग्नोसिस करून टाकलं होतं. ज्याचा पाय स्वतःची खबर देत नाही तो माणूस ती डोळ्यांनी गोळा करतो, म्हणून नजर कायम पावलावर, आणि म्हणून अंधारात किंवा तोंडाला साबण लावल्यावर पडतो. बेसिनपाशी तोंड धुताना तोल जातो का, हा प्रश्न मी आता सगळ्यांना विचारते.

मी काकांना झोपवलं, डोळे मिटायला सांगितले आणि पायाचा अंगठा धरला. हा धरायचा दोन्ही बाजूंनी, वरून-खालून धरायचा नाही, नाहीतर दाबावरून पेशंटला कळतं की कुठे नेलाय. बाजूच्या बोटालाही लागू द्यायचा नाही. मग अगदी थोडासा वर किंवा खाली, आणि विचारायचं, कुठे गेला? निरोगी माणसाला अंगठा जेमतेम हलला तरी कळतो. काका म्हणाले, "वर." खाली होता. "खाली?" वर होता. मग म्हणाले, "हलिवला का तुम्ही?" मी जरा जास्तच हलवला होता. निम्मी उत्तरं बरोबर येत होती, म्हणजे नाणं उडवून सांगितल्यासारखीच. घोट्याला आल्यावर जरा बरं, गुडघ्याला सगळं ठीक. मग ट्युनिंग फोर्क, १२८ हर्ट्झचा, ठोकून अंगठ्याच्या हाडावर ठेवला, काही नाही. घोट्याच्या हाडावर, "काहीतरी टेकलंय." नडगीवर ठेवला तेव्हा म्हणाले, "हां, आता झिणझिणलं!" तिथून खाली त्यांचे पाय त्यांच्या हिशोबात नव्हते. पायाची आग मात्र होत होती रात्रभर, कारण दुखणं आणि गरम-गार वाहणाऱ्या बारीक नसा वेगळ्या आणि ही जाण वाहणाऱ्या जाड नसा वेगळ्या, बारीक नसा बिघडल्या तर मुकाट बसत नाहीत.

उठून बसल्यावर काका बराच वेळ पायाकडे बघत होते. म्हणाले, "घाटात ड्रायव्हरनं पायाकडं बघितलं तर गाडी दरीत, मॅडम. आयुष्यात कधी क्लचकडं बघितलं न्हाई, आणि आता पाय हाय का न्हाय तेच कळंना." मुलाने नंतर सांगितलं, हल्ली गाडी तो चालवतो, बाबा शेजारी बसतात, आणि प्रत्येक गिअरला त्यांचा डावा पाय मॅटवर दाबला जातो. हुकूम अजून सुटतोय, पोच येत नाही.

हे पूर्ण गेलं तर काय होतं त्याचं उदाहरण म्हणजे इयन वॉटरमन. इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावर खाटकाचं काम करणारा १९ वर्षांचा मुलगा, १९७१ साली ताप आला, आणि त्याच्या शरीराच्या प्रतिकारशक्तीने त्याच्याच जाड संवेदी नसांवर हल्ला केला. मानेखाली स्पर्श गेला आणि अंगाची जाण गेली. स्नायू धड, ताकद धड, दुखणं आणि गरम-गार कळतंय, पण बिछान्यात पडल्यावर हातपाय कुठे आहेत ते माहीत नाही, हात आपला आपण कुठेतरी तरंगत जायचा. डॉक्टरांना वाटलं हा आता व्हीलचेअरवरच. त्याने काय केलं, तर प्रत्येक हालचाल डोळ्यांनी बघून आणि डोक्यात विचार करून शिकला. पडल्या जागी उठून बसायचं कसं, तर आधी मान वर, मग पोट आवळायचं, मग हात पुढे. वर्षापेक्षा जास्त काळाने तो चालायला लागला. पण दिवे गेले की तो जागच्या जागी कोसळायचा, कारण त्याचं सगळं चालणं डोळ्यांत होतं. जोनाथन कोल या डॉक्टरने त्याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. मला त्यातली एक गोष्ट विलक्षण वाटते, बोलताना होणारे त्याचे हातवारे. हात पडद्याआड ठेवले, त्याला दिसत नव्हते, तरी बोलता बोलता हात शब्दांच्या तालात बरोबर हलायचे. कप उचलायला त्याला डोळे लागायचे, पण बोलण्याच्या ओघात आलेला हात त्यांच्यावाचून चालायचा.

आणि काहींना ही जाण जन्मतःच नसते. २०१० साली कॅलिफोर्नियात आर्डेम पॅटापूशियन यांच्या लॅबने शोधून काढलं की पेशीला दाब कळतो तो कशामुळे. बारीक नळीने पेशीला टोचायचं, ७२ संशयित जीन्सची यादी, एकेक जीन बंद करून बघायचं, आणि शेवटी एक बंद केल्यावर पेशी टोचल्याचं ओळखेना. त्याला पिझो-१ नाव दिलं, मग त्याचा भाऊ पिझो-२ सापडला, आणि स्पर्श आणि अंगाची जाण याच्यासाठी हा पिझो-२ लागतो हे पुढे सिद्ध झालं. २०२१ चं नोबेल. पण मला जास्त भिडला तो २०१६ मधला रिपोर्ट, अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या डॉक्टरांनी तपासलेल्या दोघी, एक ९ वर्षांची, एक १९ वर्षांची, दोघींचा पिझो-२ जन्मापासून निकामी. उशिरा चालायला लागलेल्या, पाठीचा कणा वाकडा. डोळे उघडे असताना चालतात, आणि पट्टी बांधली की पडायला होतं. फोर्क ठेवला तर काही लागत नाही. डोळे बांधून सांगितलं की नाकाला हात लावून मग समोरच्या ठिपक्याला लावा, तर बोट भलतीकडेच. या मुली लहानपणापासून हे असं सांभाळत चालल्या असतील, आणि आजूबाजूच्यांना वाटलं असेल पोरगी जरा धांदरट आहे.

धांदरट, वेंधळा, लक्ष कुठंय तुझं. हे आपल्याकडे किती सहज बोलतात. वाढीच्या वयात पोराचे पाय वर्षभरात एवढे लांब होतात की मेंदूचा जुना हिशोब चुकतो, तांब्याला धक्का लागतो, दाराची चौकट लागते, आणि घरचे ओरडतात. म्हातारपणी पडलं तर "आता वय झालं". डोळ्याला दिसेना झालं तर आपण नंबर काढतो, ऐकू येईना तर मशीन घेतो, आणि पाय कळेना तर माणसाला बोल लावतो. मला याचा मनापासून राग येतो. कारण यातलं बरंच काही तपासता येतं आणि काही वेळा सुधारताही येतं.

शुगरबद्दल लोकांना आता माहीत आहे, पण बी-१२ बद्दल पुरेसं नाही. मज्जारज्जूच्या मागच्या बाजूने ही जाण वर मेंदूकडे जाते, आणि बी-१२ कमी पडलं की त्या तारांवरचं आवरणच खराब व्हायला लागतं. हे जीवनसत्त्व फक्त जीवाणू तयार करतात आणि आपल्याला ते मांस, मासे, अंडी, दूध यांतून मिळतं, म्हणजे शाकाहारी घरात, त्यातही दूध कमी घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसांत, कमतरता सहज होते. वयाप्रमाणे पचनातून शोषणही कमी होतं. आणि शुगरसाठी लाखो लोक जी मेटफॉर्मिनची गोळी घेतात ती वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ उतरवू शकते, ॲसिडिटीच्या रोजच्या गोळ्यांचंही तसंच. मग होतं काय, की पायाचा दोष सगळा शुगरवर टाकला जातो आणि बी-१२ कुणी बघतच नाही. अजून एक, स्वतःच्या मनाने नुसतं फॉलिक ॲसिड घेऊन रक्त सुधारलं तरी नसांचं नुकसान आतून चालू राहू शकतं. लवकर सापडलं तर फरक पडतो, उशीर झाला तर गेलेलं सगळं परत येईलच असं नाही. म्हणून पायाखाली कापूस अंथरल्यासारखं वाटतंय, गादीवरून चालल्यासारखं वाटतंय असं घरात कुणी म्हणालं तर कृपा करून "होतं या वयात" म्हणू नका, डॉक्टरांकडे न्या आणि अंगठा तपासा म्हणून सांगा. डोळे मिटून उभं करायची टेस्ट तर बर्लिनच्या रोमबर्ग यांची, १८४० च्या दशकातली, तिला पैसा लागत नाही.

काकांचं बी-१२ खरंच कमी निघालं. फिजिशियननी इंजेक्शनं चालू केली, शुगरचं औषध बदललं. आमच्याकडचा भाग म्हणजे उरलेल्या नसांकडून जेवढी खबर येतेय तेवढी वाचायला मेंदूला परत शिकवायचं. ओट्याला धरून पाय जुळवून उभं राहायचं, मग एका पावलापुढे दुसरं, मग जाड गोधडीची घडी घालून तिच्यावर, मग तेच डोळे मिटून, आणि मागे कायम कुणीतरी. पहिल्या दिवशी डोळे मिटल्याबरोबर काका जे डुलले ते बघून काकू घाबरल्या. मी म्हटलं काका, भिंतीला एक बोट लावा, नुसतं लावा, भार द्यायचा नाही. डुलणं लगेच कमी झालं. याच्यावर जेका आणि लॅकनर या दोघांचा १९९४ चा अभ्यास आहे, बोटाचं टोक इतकं हलकं लावायचं की त्याच्या जोरावर अंग सावरणं शक्यच नाही, तरी तोल सुधारतो, कारण बोट मेंदूला सांगतं की आपण कुठल्या बाजूला कललोय. आमची आजी भिंतीला बोटं घासत देवघरापर्यंत जायची, भिंतीवर तिच्या बोटांचा एक पट्टाच पडला होता, चुना दिला तरी पुन्हा उमटायचा. सगळे म्हणायचे आधाराशिवाय चालता येत नाही हिला. आधार कसला, ती माहिती घेत होती.

चाळिशी-पन्नाशीतल्या धडधाकट लोकांनाही मी सांगते, एका पायावर उभं राहून बघा. ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वयाच्या १७०२ लोकांना १० सेकंद एका पायावर उभं करून बघितलं होतं, साधारण पाचव्या हिश्श्याला जमलं नाही, आणि पुढच्या काही वर्षांत त्या गटात मृत्यू जास्त झाले. २०२२ साली छापून आलंय हे. एका पायावर उभं राहिल्याने आयुष्य वाढतं असा त्याचा अर्थ नाही, पण तोल हा तब्येतीचा आरसा आहे एवढं नक्की. आपल्याकडे पूर्वी पाटावर बसून जेवणं, जमिनीवरून हात न टेकता उठणं, अनवाणी अंगण झाडणं यात ही प्रॅक्टिस आपोआप व्हायची, आता ती ठरवून करावी लागणार. दात घासताना ओट्याशी किंवा बेसिनशी, एक हात जवळ ठेवून. आधीच तोल जात असेल तर एकट्याने नको.

काकांच्या घरात बदल फार करावे लागले नाहीत. पॅसेजमध्ये रात्रभर जळणारा छोटा दिवा, स्लीपरऐवजी मागे पट्टा असलेले सँडल, आणि रोज रात्री काकू आरसा धरून त्यांचे तळवे बघतात कारण जखम झाली तर त्यांना कळणार नाही. मुलगा आता "बघून चाला" म्हणत नाही, पुढे जाऊन लाईट लावतो. गाडी कधी चालवायची हे काका दर वेळी विचारतात आणि मी दर वेळी अंगठा धरते. गेल्या आठवड्यात घोट्याच्या हाडावर फोर्क स्पष्ट लागला, अंगठ्यावर अजून नाही, वर-खालीची उत्तरं मात्र निम्म्याहून बरी आलीत. क्लच अजून नाही म्हटलं, आता दिवाळीनंतर परत बघायचं ठरलंय.